‘चंद्रमौळी’ची साक्ष

नवी पेठेतून जाताना हिरव्या जाळीमागं एक काळवंडलेली चार मजली इमारत दिसते ना, ती म्हणजे मीच. ‘हॉटेल चंद्रमौळी’ बोलतोय. नाकाला रुमाल लावून भराभर पुढं जाऊ नका. जळक्या वासाची सवय होते. जरा थांबा.

मला शिवयोगी अप्पांनी बांधलं. अक्कलकोटकडचा हा माणूस स्टेशनाबाहेर चहा विकता विकता मोठा झाला. माझं बांधकाम चालू असताना ते रोज सकाळी येऊन भिंतींवर स्वतः पाणी मारायचे. गवंडी हसायचे, “अप्पा, आमी हाय की पाणी मारायला!” अप्पा म्हणायचे, “असू दे. लेकराला बापानंच आंघोळ घालावी.” तेव्हापासून मी स्वतःला त्यांचं थोरलं लेकरू समजत आलो. त्यांचा मुलगा मंजुनाथ माझ्यानंतर जन्मला.

वैभवाचे दिवस पाहिले मी. पितळी कठड्याचा जिना, आमच्या रस्त्यावरची पहिली लिफ्ट. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत माझ्याकडं खोली मिळणं मुश्किल व्हायचं. करमाळा-जेऊरकडून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी लिफ्टमध्ये शिरण्याआधी चपला बाहेर काढून ठेवायची आणि मग त्याच शोधत जिन्यानं खाली यायची.

पण लोक खरे यायचे ते मल्लव्वाच्या हातचं जेवायला. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि तिथंच म्हातारी झाली. कडक भाकरी, शेंगाचटणी, सणासुदीला गव्हाची गोड हुग्गी. “मल्लव्वा, तू हैस म्हणून हे हॉटेल हाय,” असं अप्पा चारचौघांत म्हणायचे. मी ते खरं मानलं. तिनंही मानलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. मंजुनाथच्या मुलीचा, काव्याचा साखरपुडा होता. पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गुलाबी कापडाचं छत लावलेलं, त्यात दिव्यांच्या माळा गुंफलेल्या. दुपारच्या पंगती उठल्या. मल्लव्वानं शेगड्या बंद केल्या आणि ती आपलं ताट घेऊन हॉलला लागूनच असलेल्या स्वयंपाकघरात टेकली. इकडं हॉलमध्ये छताजवळ वायर तडतडली. ठिणगी पडली, विझली. मी पाहिली. अप्पांनीही पाहिली.

“मंजू, वर बघ की रे! बंद कर ती लाईट.”

“अप्पा, व्याही बसलेत समोर. फोटो होऊ द्या, मग बघतो.”

फोटो झाला नाही. कापड भडकलं.

माणसं जिन्याकडं धावली. सगळी उतरली, ही देवाची कृपा. मंजुनाथही व्याह्यांना सांभाळत उतरला. अप्पांचे गुडघे अधू. ते खुर्चीतच राहिले. जिन्याच्या तोंडाशी जाळ आला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मल्लव्वा आली, डोक्यावर ओलं पोतं घेऊन. “एळ्री अप्पा, एळ्री! उठा!” म्हणत तिनं त्यांना उठवलं. पेटतं कापड तिच्या हातांवर पडलं, पण धरलेला दंड तिनं सोडला नाही. ओढत, ढकलत तिनं त्यांना स्वयंपाकघरातून मागच्या जिन्यानं खाली नेलं.

मी जळत राहिलो. वरचं लाकडी छप्पर कोसळलं. पण खरं सांगू? त्या वेळी मला फारसं वाईट वाटलं नाही. माझा बाप वाचला होता.

वाईट वाटलं ते पुढं. चौकशीला पोलिसांचे साहेब आले. स्लॅब पडेल म्हणून वर कुणी आलं नाही. पोर्चमध्येच खुर्च्या टाकल्या. मंजुनाथ म्हणाला, “आमची मल्लव्वा मावशी आता थकलीय, साहेब. शेगडी बंद करायला विसरली.”

साहेब अप्पांकडं वळले. “तुम्ही तिथंच होता. आग कुठून लागली?”

मंजुनाथ त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटला, “अप्पा, मी आत गेलो तर काव्याचं लग्न मोडंल.”

मी वाट पाहत होतो. हा माणूस खोटं बोलणार नाही, याची मला माझ्या पायाइतकी खात्री होती.

अप्पा खाली मान घालून म्हणाले, “सैपाकघरातनं.”

मल्लव्वा खांबाशी उभी होती. दोन्ही हातांना पट्ट्या. ती ओरडली नाही, रडलीही नाही. “अप्पा,” ती म्हणाली, “तुमाला मी सैपाकघरातनंच भाईर काढलं की. तितं आग असती तर आपण दोघं जित्ते ऱ्हायलो असतो व्हय?”

साहेबांनी अप्पांचंच म्हणणं लिहून घेतलं. अप्पा चष्मा पुसत बसले.

आगीवर माझा राग नाही. ती परकी होती, जाळणं हा तिचा स्वभावच. पण अप्पा माझे होते.

मल्लव्वावर केस झाली. ती आता भवानी पेठेत लेकीकडं राहते. तिच्या हातची भाकरी खाऊन मोठी झालेली माणसंच ती काम मागायला गेली की तिला दारातून परत पाठवतात. ‘चंद्रमौळी जाळणारी बाई’ हेच तिचं नाव पडलंय. काव्याचं लग्न थाटात झालं. त्यानंतर अप्पा एकदा एकटेच आले, माझ्या भिंतीवर हात टेकून रडले. “मुलगा हाय रे माझा. काय करू?” मला विचारावंसं वाटलं, मग मी कोण होतो? ती कोण होती? त्या हाताची ऊब मला पहिल्यांदाच नकोशी झाली.

आता मला पाडायचं ठरलंय. माझ्या जागी मंजुनाथ कॉम्प्लेक्स उभं करणार आहे. यंत्र दारात येऊन थांबलंय. माझ्यासाठी हळहळू नका. माझं आयुष्य झालं.

फक्त एक करा. जाळीतून आत या आणि मागच्या जिन्यानं वर चढा. हॉल कोळसा झालाय. पण मधलं लोखंडी दार मल्लव्वानं निघताना खांद्यानं रेटून लावलं होतं. त्या दाराच्या अलीकडचं स्वयंपाकघर बघा. भिंती धुरकटल्यात, जळलेल्या नाहीत. शेगड्यांची बटणं एकूण एक बंद आहेत. मोबाईल काढा, फोटो घ्या आणि भवानी पेठेत जाऊन त्या बाईला दाखवा. म्हणावं, आम्ही डोळ्यांनी बघून आलो.

लवकर या. यंत्र आधी मागच्याच बाजूनं सुरू होणार आहे.