आनेकलच्या बसची चाकं

बंगळूरच्या कलासीपाळ्य स्टँडवर सलग सातव्या सकाळी अनुसूया आनेकलहून आलेल्या बसच्या चाकाशी वाकली.

"येन अक्का, काय हरवलं?" ड्रायव्हरनं कानडीत विचारलं.

"चिखल."

त्याचं हसू तिनं मनावर घेतलं नाही. थोरला भाऊ बसवंत आनेकलला रागी, म्हणजे नाचणी, पिकवायचा. तिच्या लहानपणी पेरणीआधीचा पाऊस ठरल्यासारखा यायचा. अलीकडे त्याचा काही भरवसाच उरला नव्हता. या पासष्ट साली तर बसवंतनं दोनदा पेरलं, दोनदा करपलं. घरचं बियाणं उरलं दोन शेर. तेही गेलं, तर वडिलांच्या वेळेपासूनचं वाण संपणार.

अनुसूयानं ते राजाजीनगरला आपल्या घरी आणलं, नवऱ्याचे गुलाब उपटून परसात रोप टाकलं आणि मोरीचं पाणी पाजून वाढवलं. आज पंचविसावा दिवस. दोन-तीन दिवसांत रोपाला गाठ धरली, की लावून उपयोग नाही. आणि शेतात ओल नसेल तर नेऊन उपयोग नाही. तिकडून पत्र यायला तीन दिवस. बस मात्र रोज येत होती. रोज कोरडी धूळ घेऊन.

आज तिनं चाकाला बोट लावलं. लाल, ओलं!

"कुठला हो हा?"

"आनेकलचाच. काल दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता! आज बस ढकलून काढली."

घरी पोचली तेव्हा नवरा, दामोदर, कारखान्याला निघाला होता.

"रजा टाका!"

"कारण काय लिहू?"

"लिहा, बायकोचं डोकं फिरलंय."

"मग वर्षभराची टाकावी लागेल," म्हणत त्यानं बाह्या सरसावल्या.

दोघांनी रोपं उपटली, त्याच्याच ओल्या धोतरांत बांधली आणि दुपारची बस गाठली. मांडीवरच्या जुड्या शेजाऱ्यांवर ठिबकत होत्या. अनुसूया खिडकीतून प्रत्येक डबकं मोजत होती.

बसवंत शेतातच होता. दोघांना पाहून त्याच्या हातातला कासरा गळाला.

"अगं, आत्ता तर तुला कार्ड टाकून आलो!"

"येईल की, सावकाश वाचीन. शेतात तास ओढलेस का?"

"ओढले. रोपं वेळेत पोचतील का, ते ठाऊक नव्हतं." एवढं बोलून तो घाईघाईनं बैल सोडायला वळला. डोळे पुसताना बहिणीनं पाहू नये म्हणून.

दामोदरनं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोठ्या ऐटीत पहिलं रोप खोचलं.

"फोरमनसाहेब," अनुसूया म्हणाली, "मुळं खाली."

दिवस मावळायच्या आत पाव एकर हिरवा झाला. परतीच्या बसला सकाळचाच ड्रायव्हर होता. त्यानं तिच्या गुडघ्यापर्यंत माखलेल्या पायांकडे पाहिलं.

"सापडला वाटतं, अक्का?"