सकाळी सहाचा आकडा

"वजन उतरतंय की नुसतं पाणी, तेवढं बघत जा, पोरी. आणि ज्या दिवशी तो तहान लागली म्हणायचं बंद करेल, त्या दिवसापासून त्याला एकटा ठेवू नकोस."

नवऱ्याच्या जुन्या संघाच्या मालिशवाल्या काकांनी मला हे वर्षापूर्वी सांगितलं होतं, मैदानाच्या मागच्या दाराशी. मला तेव्हा सातवा-आठवा महिना होता, पाय सुजलेले, आणि मला फक्त कुठेतरी टेकायचं होतं. मी हसण्यावारी नेलं. "काका, मी रसायनशास्त्र शिकलेय. पाणी आणि चरबी यातला फरक मला कळतो."

काका हाताचं तेल फडक्याला पुसत राहिले.

रसायनशास्त्र शिकलेल्या बाईने पुढे काय दिवे लावले ते सांगते.

माझा नवरा बास्केटबॉल खेळतो. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. उंची सहा फूट आठ इंच, जागा सेंटरची. म्हणजे बास्केटखाली पाय रोवून उभं राहायचं आणि अंगावर कोणीही आदळलं तरी हलायचं नाही. संघात त्याला खांब म्हणतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खांब तीन महिने आडवा होता, आणि उभा राहिला तेव्हा एकशे एकवीस किलोंचा झाला होता. डॉक्टर म्हणाले, हा गुडघा एवढा भार पुन्हा झेलणार नाही. जुन्या क्लबाने करार वाढवला नाही. दूरच्या शहरातल्या एका क्लबाने घेतलं, पण अट घातली. दर शुक्रवारी सकाळी सात वाजता एकशे आठच्या आत. दोनदा चुकला तर सामान बांधायचं.

शुक्रवारचं वजन म्हणजे काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. सगळा संघ चड्डीवर, अनवाणी रांगेत उभा. ट्रेनर एकेकाचा आकडा मोठ्याने ओरडतो. आत असेल तर टाळ्या. बाहेर असेल तर कोणी काही म्हणत नाही, आणि ती शांतता त्याला आठवडाभर पुरते. सासूबाईंनी हे ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "माणसं आहेत की बटाट्याची पोती?"

"पोती बरी, आई," तो म्हणाला. "पोत्याला कोणी कमी हो म्हणत नाही."

म्हणून गुरुवार कोरडा, अंगातलं पाणी काढायचा. दुपारपासून पाणी बंद. स्वेटरच्या आत रबरी जाकीट, गाडीच्या काचा वर, हीटर चालू, आणि मांडीवर एक बाटली, थुंकी साठवायला. शुक्रवारी आकडा ओरडून झाला की तीन लिटर पाणी घटाघटा. मला हे सगळं माहीत होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण कशी घोकंपट्टी करायचो, तसलंच काहीतरी वाटायचं. वाईट, पण चालायचंच.

शिवाय वजनाचा हिशेब माझ्याच हातात होता. आमच्या फ्रिजवर एक आलेख आहे. त्यावर लाल रेघ लेकीची, निळी रेघ तिच्या बाबाची. लेकीला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहायचे, मग तिच्याशिवाय उभी राहायचे आणि वजाबाकी करायचे. लाल रेघ वर चढत होती, निळी उतरत होती. मी त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. वर लिहिलं होतं, 'दोघांचीही प्रगती उत्तम'.

चार महिन्यांपूर्वी तो तिकडे राहायला गेला तेव्हा मी नियम घालून दिला. रोज सकाळी सहाला काट्याचा फोटो. "आणि पायाची बोटं दिसली पाहिजेत. नाहीतर काट्यावर बादली ठेवशील."

"हो मास्तरीण. अंगठ्याचा ठसा पण उमटवू का?"

तो हसत होता. लेक त्याच्या खांद्यावर होती, आमच्या सगळ्यांच्या कितीतरी वर, दिव्याला हात लावू बघत होती.

फोटो रोज यायचे. एकशे बारा. एकशे दहा. आकडा आला की मी निळा ठिपका मांडायचे आणि दिवसाला लागायचे. फोनवर त्याचा आवाज बदलत चालला होता, तेही मला कळत होतं. जीभ टाळूला चिकटल्यासारखा बोलायचा. एकदा मी विचारलं, "पाणी पितोस ना? तहान नाही का लागत?"

"आधी लागायची गं. आता त्रास नाही होत."

हे वाक्य मी कानांनी ऐकलं. आणि त्यावर काय बोलले, तर लेकीच्या लसीची तारीख. काका मला आठवलेसुद्धा नाहीत.

या आठवड्यात घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. आमच्या बाथरूममध्ये त्याचा जुना काटा आहे, काचेचा, पाय ठेवला की टिंग वाजून उजळणारा. मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला तो वाजला. मी स्वयंपाकघरात, सासूबाई कंबरेच्या प्लास्टरमुळे पलंगावर.

"आत कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, आई. फरशी हलते तिथली."

जाऊन बघितलं तर काच उजळलेली, वर शून्य. फरशी हलत नव्हती. काल पुन्हा तसंच झालं. या वेळी लेक माझ्या कडेवर होती. तिने काट्याकडे पाहिलंच नाही. मान पार मागे टाकली, वर दिव्याच्या जवळ कुठेतरी बघितलं, आणि मला उचल म्हणतात तसे दोन्ही हात वर केले. तेवढ्या उंचीवर आमच्या घरात एकच चेहरा असायचा.

बॅटरी संपत आली असेल. मी बॅटरी काढून ठेवली.

आज गुरुवार. सकाळी सहाला फोटो आला: एकशे सात पूर्णांक सहा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ठिपका मांडायला म्हणून फोटो मोठा केला आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख दिसलं. काळंनिळं. सरावात कोणाचा तरी बूट पडला होता त्यावर, पूर्वीच.

ते नख आता नाही. तीन आठवड्यांपूर्वी तो दोन दिवस आला होता तेव्हा ते माझ्याच हातात निघून आलं. मीच औषध लावून पट्टी बांधली. खाली नुसती गुलाबी कातडी होती.

मी मागचे फोटो उघडले. बुधवार, मंगळवार, सोमवार. आकडे वेगवेगळे, नख सगळीकडे काळं. हे फोटो त्याने केव्हातरी काढून ठेवले होते. कधी खाली येणार नाही या भीतीने साठवले, की माझ्या आलेखासाठी, कोण जाणे. आज तो एकशे सोळा आहे की शंभरावर आलाय, मला माहीत नाही. मी चार महिने रोज त्याच्याकडे बघत होते आणि मला माहीत नाही.

मग दुसरं आठवलं. ठरलेल्या वेळी आपोआप निरोप जावा अशी सोय फोनमध्ये असते. लसीच्या आठवणींसाठी ती मीच त्याला शिकवली होती. म्हणजे सकाळी सहाला फोटो आला, यावरून तो सकाळी सहाला उठला होता एवढंसुद्धा ठरत नाही. त्याचा आवाज मी शेवटचा ऐकला सोमवारी दुपारी.

फोन वाजतोय. उचलत नाही. सव्वीस वेळा केला.

क्लबाच्या व्यवस्थापकांना केला. "मॅडम, चार दिवस सुट्टी दिलीय सगळ्यांना. उद्या सकाळी वजनाला येईलच की! मीही बाहेरगावी आहे. सेंटर आहे तो आमचा, कुकुलं बाळ नाही."

पोलिसांना केला. ते म्हणाले, मोठा माणूस तीन दिवस बायकोचा फोन उचलत नाही, यात नवीन काय? मागून कोणीतरी हसलं.

शेवटी काकांना केला. ते आता घरीच असतात. सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे एक पतंग होता," ते म्हणाले. "उंच उडायचा म्हणून पतंग म्हणायचो. तुझा नवरा यायच्या आधीची गोष्ट. वजनाच्या दिवशी पहाटे वाफेच्या खोलीत जाऊन बसला. दार मी उघडलं. अंगावर तीन स्वेटर."

"काका—"

"त्याचं अंग कोरडं होतं, पोरी. तासभर वाफेत बसलेल्या माणसाचं अंग, आणि कपाळ कागदासारखं कोरडं. घामापुरतंही पाणी उरलं नव्हतं. तू कोणालातरी पाठव. आत्ता पाठव."

कोणाला पाठवू? तिथे माझं कोणी नाही. बस संध्याकाळी आहे, अकरा तास लागतात. शेजारच्या वहिनी सासूबाईंजवळ थांबतील, लेकीला मी बरोबर घेतेय. तरी पोचेपर्यंत उद्याची सकाळ होईल.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला विनंती करते. तुम्ही त्या शहरात असाल, नदीपलीकडे, जुन्या पुलाजवळ, तर चपलांच्या दुकानावरचा तिसरा मजला. समोरचं घर रिकामं आहे. घंटा बिघडलीय, दार हाताने बडवा. आधी खाली रस्त्यावर त्याची राखाडी गाडी उभी आहे का बघा, आणि तिच्या काचा आतून वाफेने धुरकट असतील तर वर जाऊच नका, गाडीचं दार उघडा. फोडावी लागली तर काच फोडा. वर असेल आणि आतून 'ठीक आहे' असा आवाज आला, तर त्यावर विश्वास ठेवू नका, दार उघडायला लावा. तो फार उंच आहे, पण रागीट नाही. आगाऊपणा केलात असं त्याला वाटलं तर माझं नाव सांगा, म्हणावं मास्तरणीने पाठवलंय. काट्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा. आणि मला लगेच कळवा, काहीही असलं तरी.