ओटीपी मरायच्या आत

मनोजनं मोबाइलवर बटण दाबलं अन् पंजाबराव वस्तादांच्या खिशात टिंग वाजलं.

वस्तादांनी फोन काढून पुतण्याच्या, गोपालच्या हातात दिला. "ओटीपी आला. याच्यात पंधरा मिनटं जीव हाये. तेवढ्यात माही पाठ लाव, नंबर घे, भर तुहं ट्रस्टचं टॅक्स रिटर्न. नाही लागली त् पुन्हा हा विषय काढाचा नाही."

अमरावतीच्या त्या आखाड्यात मतदान कधी झालंच नाही. ट्रस्टच्या कमिटीत दोघांचं जुळलं नाही की मातीत उतरायचं, ज्याची पाठ मातीला लागली त्याचं मत गेलं. वस्ताद अध्यक्ष, म्हणून ओटीपी त्यांच्याच फोनवर यायचा; मनोज सेक्रेटरी. अकोल्याले एका टॅक्सच्या ऑफिसात कामाला, रविवारी सकाळच्या एसटीनं यायचा. दहा-बारा पोट्टे कडेला उभे.

"वर्षाचं उत्पन्न वीस हजार नाही आपलं," वस्ताद लंगोट आवळत पोट्ट्यायले सांगू लागले. "कायद्यानं भराची गरजच नाही. अन् हा शहाणा म्हनते भरतो. आपल्या पायानं जाऊन कायले सांगाचं बे, आमी हाओत म्हनून?"

"तेच सांगाचं हाये, वस्ताद."

कारण अकोल्याच्या एका बिल्डरनं धर्मादाय आयुक्ताकडं अर्ज केला होता, हा ट्रस्ट कधीचा बंद पडलाय, जागा विकायला काढा. गुरुवारी सुनावणी. वकील म्हणाले होते, गरज नसली तरी यंदाचं एक रिटर्न भरा, शून्य कराचं का असेना. चालू असल्याचा तेवढाच कागद राहील. नाहीतर गेला आखाडा.

सलामी झाली. वस्तादांनी पहिल्याच झटापटीत डोकं हाणलं, मनोजची भुवई फुटली. दुसऱ्यांदा पट काढायला, पाय ओढायला वाकला तर मानगूट धरून मातीत दाबला. वर शंभर किलोचा गडी. तोंडात माती, मातीत रक्त.

अन् मग वस्ताद थांबले. डाव नाही, पेच नाही, नुसते पडून राहिले. हेच वस्ताद वेळ काढणाऱ्या पोट्ट्यायच्या पोटऱ्या वेतानं सोलायचे.

"खेळा ना, वस्ताद!"

"गोपाल, किती झाले?"

"नऊ."

मनोजच्या ध्यानात आलं. हा माणूस कुस्ती खेळतच नाही. हा घड्याळ खेळून राहिला.

"बिल्डरनं काय देल्लं तुमाले?"

कोपर आलं थेट तोंडावर. एक दात जिभेवर आला. मनोज तो थुंकला.

"फ्लॅट?"

गळ्याभोवतीचा हात आवळला. डोळ्यापुढं काळं व्हायला लागलं. उत्तर मिळालं होतं.

"बारा!" गोपाल ओरडला.

मनोजनं गळ्यावरच्या पंजातलं मधलं बोट धरलं अन् उलटं मोडलं. कट्कन आवाज झाला. वस्ताद बैलासारखे हंबरले. पकड सुटली. मनोज वळला, त्यांना पाठीवर पाडलं, छातीवर गुडघा रोवला, दोन्ही खांदे मातीत दाबले. रागानं अजून दोन ठोसे नाकावर दिले. त्याची काही गरज नव्हती.

"बेइमानी!" गोपाल मुद्गल उचलून धावला. "बोट मोडलं यानं!"

"हाव, मोडलं. नंबर दे."

मुद्गल खांद्यावर बसलं. मनोज कोसळला, पण वस्तादांचा दंड सोडला नाही.

पोट्टे वस्तादांकडं बघत होते. नऊ वर्षांचे, पंधरा वर्षांचे. वस्तादांच्या नाकातून रक्त मिशीत उतरत होतं.

"लागली पाठ," ते शेवटी म्हणाले. "दे त्याले नंबर. पन गोपाल, उद्यापासून याचा पाय मातीले लागला त् तोडजो."

गोपालनं सहा आकडे शिव्या दिल्यासारखे सांगितले. मनोजचा अंगठा स्क्रीनवर घसरत होता. पाठीवर पुसला, परत दाबला. रिटर्न गेलं.

त्याले फाटकाबाहेर ढकलून गोपालनं कडी लावली. उजवा हात वर जात नव्हता. डाव्यानं वकिलाला फोन लावला.

"भरलं साहेब."

"नीट बोला हो, ऐकू येत नाही."

मनोज रक्त थुंकला. "आखाडा चालू हाये म्हनलं."

"गुरुवारी अध्यक्ष येतील?"

"नाही येनार. मी येतो."