गुरांच्या हौदातली गोगलगाय

मित्रांनो, मी पाण्यातली एक म्हातारी गोगलगाय आहे. वय दीड वर्ष. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात. माझा शंख एडक्याच्या शिंगासारखा वळलेला, पण आजवर मी कुणाला ढुशी मारलेली नाही.

कोल्हारजवळच्या एका मळ्यात, गुरांच्या दगडी हौदात माझा जन्म झाला. भिंतीवरचं शेवाळ खरवडायचं, बैलांच्या तोंडातून पडलेला पाला कुजला की खायचा, एवढीच आमची नोकरी. पाणी नितळ राही. येणारे-जाणारे मळ्याच्या मालकाला, रंगनाथला, म्हणत, "हौद लई निर्मळ ठेवता बुवा." तो मान डोलवी. आम्हीही डोलवत असू. कुणाला दिसत नसे.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहीर तळाला गेली. एकदा भरलेला हौद आठवडाभर पुरवायचा, असं ठरलं. पोळ्याच्या आठवडाभर आधी रंगनाथने हौद घासून भरला. आमच्यामुळे गुरांना रोग होतो, असं त्याने बाजारात ऐकलं होतं. काथ्याने त्याने आमची अंडीसुद्धा खरवडली आणि आम्हाला बाहेर चिखलात फेकलं. कोंबड्यांचा पोळा त्याच दिवशी साजरा झाला. मी चिखलात शिरून शंखात मिटून बसले.

पोळ्याच्या दिवशी शिंगं रंगवलेले बैल हौदावर आले, पाणी हुंगलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. पाणी हिरवंगार, वर वास. बदलायला विहिरीत पाणी नव्हतं.

"बैल पानी का पेईनात रं?" रंगनाथच्या आईने, कडूबाईने, विचारलं.

"आये, गोगलगायी रोग पसरवत्यात म्हून काढल्या म्या."

"बरं केलंस. आता बैलास्नी तसं समजावून सांग."

घरातली प्यायची घागर तिने बैलांपुढे रिकामी केली. संध्याकाळी रंगनाथ चिखल उकरत बसला होता. शेजारच्या सूर्यभानने विचारलं, "काय हारपलं, रंगनाथराव?"

"काय न्हाई."

मी आणि चार-पाच जणी पुन्हा हौदात पडलो. हळूहळू भिंती उघड्या झाल्या, वास गेला आणि एका सकाळी बैल पोटभर प्यायले.  रंगनाथने हौदाचा काथ्या भांड्यांकडे नेऊन ठेवला.

मित्रांनो, बाजारातली गोष्ट अगदीच खोटी नव्हती. काही जंत आमच्या अंगात वाढून गुरांपर्यंत पोचतात. तेव्हा चांगल्या चालचलणुकीचा दाखला मी मागत नाही. गर्दी झाली तर आम्हाला जरूर कमी करा. फक्त कुणालाही पाण्यातून मुळासकट उपटण्याआधी, त्याचं काम उद्यापासून कोण करणार, एवढं ठरवून ठेवा.