मला वेळेत पाडा

मी जंगलाच्या कडेचं झाड बोलतोय. कमरेभोवती साल सोललेलं आणि आज सकाळपर्यंत वरून कॅनव्हासचा पट्टा बांधलेलं. येणारे-जाणारे मला बघून हळहळतात, कुणी केलं असेल हे बिचाऱ्याचं, असं म्हणतात आणि फोटो काढून पुढे जातात. मी बिचारा वगैरे काही नाही. मला एका कामाला लावलंय आणि ते काम माझ्याच माणसांनी अर्धवट ठेवलंय, एवढंच माझं रडगाणं आहे.

लहानपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका पाखरानं बी टाकलं, मी उगवलो आणि शेजाऱ्यांशी उन्हासाठी भांडत वाढलो. कडेला असल्यामुळे ऊन भरपूर मिळालं. त्यामुळे चांगला गुटगुटीत झालो आणि तेच पुढे मला भोवलं.

हाकेच्या अंतरावर एक घर आहे. तिथे अप्पा राहतात आणि त्यांची मुलगी. अप्पांनी जन्मभर शिंपीकाम केलं. मुलगी या जंगलाची वनरक्षक. काही वर्षांपूर्वी अप्पांची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आधी मुलीच्या खांद्याला धरून फाटकापर्यंत यायचे, मग काठी टेकत हळूहळू माझ्यापर्यंत. माझ्या बुंध्याला हात टेकायचे, धापा टाकायचे आणि म्हणायचे, "आलो रे बाबा, आलो." पुढे काठी सुटली, पण हात टेकायची सवय काही सुटली नाही. मधूनच टेप लावून माझी कंबर मोजायचे आणि पोट सुटलं म्हणून मला चिडवायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग तो भुंगेरा आला. म्हणे परदेशातून, मालाच्या खोक्यांच्या फळ्यांत लपून. गव्हाच्या दाण्याएवढा, हिरवा, चकाकता. इतका देखणा की सुरुवातीला लोक कौतुकानं तळहातावर घेऊन एकमेकांना दाखवायचे. तो स्वतः फार काही करत नाही, चार पानं कुरतडतो. पण त्याच्या अळ्या सालीखाली शिरतात आणि आमचं अन्नपाणी जिथून वाहतं तो थरच खात सुटतात. त्याच्या मूळ मुलखात त्याला खाणारे आहेत, तिथली झाडंही त्याला पुरून उरतात. इथे त्याला विचारणारं कुणी नव्हतं. टेकडीपलीकडचं आमचं अख्खं गोत बघता बघता वाळून गेलं.

वनखात्याचे वरचे साहेब आले. त्यांनी माझ्याच सावलीत उभं राहून उपाय सांगितला. हा भुंगेरा आजारी झाडाच्या वासावर येतो. म्हणून पालवी फुटायच्या सुमाराला एक धडधाकट झाड निवडायचं आणि कमरेभोवतीची साल सोलून त्याला मुद्दाम आजारी पाडायचं. आसपासचे भुंगेरे बाकीची झाडं सोडून त्याच्यावर तुटून पडतात आणि तिथेच अंडी घालतात. अळ्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आतच असतात. थंडी संपायच्या आत झाड पाडून साल जाळली की सगळं खानदान संपलं. पण उशीर झाला, तर तेच झाड त्यांचं बाळंतघर होतं. हे शेवटचं वाक्य साहेबांनी दोनदा सांगितलं.

झाड कडेचं हवं होतं, उन्हातलं, जाड बुंध्याचं. मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिच्याबरोबर तिचा चुलतभाऊ होता. झाडं तोडायचं काम त्याचं.

"हे काकांचं झाड आहे," तो म्हणाला.

"ऊन इथंच पडतं, दादा. भुंगेरा काय अप्पांना विचारून येणार आहे?"

"मग निदान त्यांना सांग तरी."

"सांगते," ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं नाही.

अप्पा तपासणीसाठी दवाखान्यात गेले होते, त्या सकाळी माझी साल सोलली गेली. दुखलं. पण मी साहेबांचं सगळं बोलणं ऐकलं होतं, त्यामुळे कशासाठी दुखतंय हे मला कळत होतं. कळत नव्हतं ते अप्पांना. दुसऱ्या दिवशी हात टेकायला आले आणि सोललेल्या जागेवरून बोटं फिरवत राहिले. घरी जाऊन मुलीला विचारलं, तर म्हणाली, टवाळ पोरं असतील कुणीतरी. हे सगळं त्यांनीच मला येऊन सांगितलं. मग जखमेवर ओली माती लिंपली, दुकानातला उरलेला कॅनव्हास आणला आणि त्याचा चांगला हातभर रुंद पट्टा माझ्याभोवती ओढून बसवला. दाभणानं दुहेरी टाके घातले. उजवा हात अजून पुरता वळत नव्हता, पण शिवण अशी घट्ट की मुंगी शिरायची नाही.

उन्हाळ्यात भुंगेरे आले. झुंडीनं आले आणि माझ्या अंगभर बसले. शेजारच्या झाडांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला अभिमान वाटला, का वाटू नये? मुळांतल्या शिदोरीवर माझी पानं तग धरून होती. ती बघून अप्पा हरखायचे, जखम भरत चालली म्हणून मुलीला सांगायचे. ती मान खाली घालून जेवायची, असं तेच म्हणाले.

थंडीत चुलतभाऊ करवतीचं मशीन घेऊन आला. तिनं त्याला परत पाठवलं. अप्पांना खोकला झालाय, एवढा बरा होऊ दे. खोकला बरा झाला. मग म्हणाली, अप्पा आत्याकडे राहायला जाणार आहेत, तेव्हा उरकून टाकू. तर आत्याच बोचकं घेऊन इकडे राहायला आली. चुलतभाऊ पुन्हा आला, पुन्हा परत गेला. आणि इकडे माझ्या आत अळ्यांनी तोंडं बाहेरच्या बाजूला वळवली होती. त्यांना पाय फुटत होते, पंख फुटत होते, ते मला आतून कळत होतं. मला त्या मुलीचा राग यायचा. तिची माया मला दिसत होती आणि तिचाच राग यायचा. माझा जीव वाचणार नव्हताच, तो आदल्या वर्षीच गेला होता. ती टाळत होती फक्त अप्पांना सांगायची ती वेळ.

थंडी सरली. आज सकाळी चुलतभाऊ तिला न विचारताच माणसं घेऊन आला. खाली ताडपत्री अंथरली. अप्पा आले ते माझ्या बुंध्याला पाठ लावून बसले आणि म्हणाले, उठणार नाही. मुलगी धावत आली. मग तिथेच, सगळ्यांसमोर, तिनं सांगितलं. साल कुणी सोलली ते, कशासाठी ते, आणि पाडायला उशीर का केला तेही.

अप्पांनी तिच्याकडे वर बघितलं. मग म्हणाले, "मी एवढा दुबळा वाटलो तुला?"

"अप्पा, तुम्ही त्याच्या आधारानं उभे राहिलात."

"म्हणून सांगायचं नाही? सांगितलं असतंस तर पहिला घाव मी घातला असता."

ते उठले. खिशातून कात्री काढली आणि रागारागानं शिवणीत घातली. मुलगी ओरडली, "अप्पा, पट्टा नका काढू." पण पहिले टाके तुटले होते. पट्ट्याखाली, जखमेच्या वर-खाली उरलेल्या सालीतून भुंगेरे कॅनव्हासच्या उबेनं आधीच बाहेर पडले होते आणि त्या घट्ट शिवणीत अडकून होते. कॅनव्हास सुटला, तसे ते उन्हात आले. चकाकत, हिरवे, एकामागून एक. माणसांनी टोप्या मारल्या, हात मारले. काही सापडले. बाकीचे आत गेले, जंगलात.

मुलगी तिकडे बघत उभी आहे. कुठल्या झाडावर गेले ते शोधायला तिला आता अख्खा उन्हाळा लागेल, आणि बहुधा ते सापडणारही नाही. अप्पांच्या हातातली कात्री खाली पडली आहे. त्यांनी हात माझ्यावर टेकलाय आणि ते रडताहेत. चुलतभाऊ मशीन हातात धरून उभा आहे. त्यांना बाजूला व्हा म्हणायचा धीर त्यालाही होत नाही.

त्यांना ऐकू जाईल असं मला बोलता येत असतं तर एवढंच म्हणालो असतो. अप्पा, तुमचा हात मला फार आवडतो. तो आता काढा. रडायचं असेल तर मला पाडल्यावर रडा. गेले त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त अजून माझ्या आत आहेत, आणि ऊन चढतंय.