अंगाला लागलेली लोकर

लखूचे कपडे बाराव्याला वाटून टाकले. आमच्यात गेलेल्याच्या अंगाला लागलेलं घरात ठेवत न्हाईत. बाळाला तर त्याचा धागासुद्धा लावत न्हाईत. लखूचा, माझ्या लेकाचा, एक निळा स्वेटर तेवढा राहिला. दुसरी बाही कोपरापर्यंत आलेली, सुया तशाच त्यात. मीच ट्रंकेच्या तळाला घातला. रडूबिडू काही आलं न्हाई. चुलीवर दूध होतं, ते उतरवलं.

चार महिन्यांनी सून दीपाली बाळंतपणाला खानापूरला माहेरी निघाली. जायच्या तीन दिवस आधी तिनं ट्रंक उघडली.

"आत्या, हे उसवून बाळाला मोजे करूया की."

"मेलेल्याची लोकर? अक्कल कॅसलरॉकच्या गाडीत ठेवून आलीस व्हय गं?"

"त्यांनी कुठं घातला? पुरा तरी कुठं झालाय? त्यांचं म्हणून बाळाला एवढंच हाय बघा."

मी तिसरी शिकलेली, पण विणण्यात मला कोण शिकवणार न्हाई. गावातल्या पोरींना मी सांगते, टेपच्या भरवशावर राहू नका. पाठ-पोट झालं की माणसाच्या अंगाला लावून बघा, मगच बाहीला हात घाला. न्हाईतर काखेत कचतंय. दीपालीकडनंही हेच घोकून घेतलेलं.

लखूच्या अंगाला मी लावला होता. ताप यायच्या आदल्या दिवशी, अंगणात. "आई गे, सुई टोचतीया," म्हणाला. "गप उभा ऱ्हा, घोड्या," म्हटलं मी.

दीपालीनं बाही उलटीसुलटी केली.

"आत्या, हे अंगाला लावून बघितलेलं?"

"न्हाई," मी म्हणाले. "घाईत होते. आंधळ्यागत विणलं."

एवढ्या वर्षांत माझ्या कामाला मी कधी नावं ठेवली नव्हती. माझा नियम तिला पाठ होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सुई ओढून काढली.

मी उसवत गेले, ती गुंडाळत गेली. उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली तर टाके वाकडे बसतात. लडी करून कोमट पाण्यात भिजवली, न पिळता दांडीला टांगली, खाली वजनाला तांब्या बांधला. दोन दिवसांत सरळ झाली. लखूचं माप त्यात काही राहिलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी मोज्याचे टाके मी घातले. मोज्याचं तोंड सैल लागतं. दोन सुया एकत्र धरून टाके घालायचे, मग एक सुई काढून घ्यायची. शंभर पोरींना शिकवलंय. मी एकाच सुईवर घातले. कळलंच न्हाई.

दीपालीनं बोट घालून बघितलं.

"आत्या, यातनं टाच जायाची न्हाई."

दुसरी कोण असती तर सुईच फेकून मारली असती.

"मग उसव," म्हटलं. "तूच घाल."

तिनं दोन सुया जोडून धरल्या. मी लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला आणि तिला लागेल तसा धागा सोडत बसले.