लांब मानेचा मोर

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या घरात पाय हा विषय पुष्पाबाईंच्या ताब्यात होता. आंघोळ करून त्या बाहेर आल्या की फरशीवर ओले ठसे उमटत. पुढे बोटं, मागे टाच, मधे कोरडी फरशी. "देखा," त्या म्हणत, "लक्ष्मीना पाय! मना माहेरनी देणगी." मुलगा हिलाल आणि नातू गजेंद्र, दोघांची पावलं तशीच कमानदार. सून सुभद्राबाईंचं पाऊल मात्र थापलेल्या भाकरीसारखं सगळंच्या सगळं उमटे. शिरपूरला लग्नात कुंकवाच्या पावलांनी त्या आत आल्या तेव्हाच सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. वर्षभरात हिलालभाऊंच्या पायांतला जोर ओसरू लागला आणि सासूबाईंना कारण आयतंच सापडलं. सून पांढऱ्या पायाची! पुढे शिरपूर सुटलं, सुरत आली, बमरोलीत साड्यांच्या लूमवर काम मिळालं, पाय साथ देईनात म्हणून तेही सुटून बैठं काम आलं. ते बिरुद काही सुटलं नाही.

सुभद्राबाईंनी ते गिळलं होतं. एक झणझणीत उत्तरही तयार ठेवलं होतं, पण ते द्यायची वेळ कधी येत नव्हती.

मग गजेंद्रचं लग्न झालं. होळीनंतर वर्षा घरात आली आणि आखाजीचा सण येईपर्यंत गजेंद्रची चप्पल चालता चालता निसटू लागली. जिन्यात तो दोनदा तोंडावर आपटता आपटता वाचला. पुष्पाबाईंनी नव्या नातसुनेच्या पावलांकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई बी तशीच."

वर्षा स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि सुभद्राबाईंचं टाळकं सरकलं. आपलं गेलं ते गेलं, या पोरीच्या गळ्यात ते पडू द्यायचं नाही. लेक गायत्री कॉलेजात बायोटेक शिकत होती. तिला हाताशी धरून त्यांनी बापलेकांना नसांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं, रक्त तपासायला दिलं, आणि मग गायत्री दिसली की एकच प्रश्न, "उना का वं रिपोर्ट?"

रिपोर्ट आला रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना. गायत्रीने मोबाइलवर वाचलं आणि उष्ट्या हातानेच टुणकन उडी मारली.

"सापडलं! पप्पांना आणि दादाला एकच आहे. एक जीन जादा!"

"जादा म्हणजे चांगलं ना?" गजेंद्रने आशेने विचारलं.

"पप्पा, तुमच्या त्या मोराचं सांगा त्याला."

हिलालभाऊंना नुसत्या आठवणीनेच हसू फुटलं. जेकार्ड लूमवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ शिवलेली असते, भोकं असतील तशी नक्षी उतरते. एकदा मोराच्या मानेची कार्डं त्यांनी चुकून लागोपाठ दोनदा शिवली. साडीवर मोर आला तो उंटाची मान घेऊन! शेठने शिव्या दिल्या त्या अख्ख्या गल्लीने ऐकल्या.

"हे तसंच," गायत्री म्हणाली. "जीनची नक्कल होताना तोच तुकडा शेजारी पुन्हा शिवला गेला. त्या जीनमुळे नसांवरच्या आवरणातला एक पदार्थ तयार होतो. तो जास्त झाला की आवरण बिघडतं आणि निरोप पायांपर्यंत धड पोचत नाही. औषध नाही अजून, पण जीव जात नाही याने. व्यायाम आहे, आधाराचे बूट आहेत."

"मंग आसं डबल शिवाले देव काय झोपेल व्हता?" पुष्पाबाई फणकारल्या.

"पप्पा, पुढे काय झालं मोराचं?" गायत्रीने विचारलं.

"डिझाइनवाल्याने जादा कार्डांवर नवी भोकं पाडली," हिलालभाऊ म्हणाले. "लांब मानेत हार घातला. रिंग रोडच्या कापडबाजारात तीच साडी धडाधड खपली."

"बघ आजी! जुनी कार्डं आपलं काम करत राहतात आणि जादा कार्डं नवं काही करायला मोकळी. फार जुन्या पूर्वजांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता. डोळ्यातली एक जीन अशीच शेजारी दोनदा शिवली गेली, लाखो वर्षांत एकीची भोकं आपोआप बदलली आणि आपल्याला लाल दिसायला लागला. नाहीतर या सुरतेत साड्या विकल्या असत्या का कोणी?"

"आणि आमचं लेकरू?" वर्षाने हळूच विचारलं.

"येईल किंवा नाही येणार, निम्मी निम्मी शक्यता. डॉक्टरांशी बोलू. पण हे रक्तातून येतं वहिनी, उंबऱ्यातून नाही. ना मम्मीने आणलं, ना तू." गायत्रीने पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. "खूणही लिहिलीय. पायाला उंच कमान. ओलं पाऊल टेकलं तर मधला भाग उमटत नाही."

सगळ्यांनी पुष्पाबाईंच्या पायांकडे पाहिलं. पुष्पाबाईंनीही पाहिलं.

"आजीचंही रक्त तपासायला हवं, नुसत्या पायावरून नाही सांगता येत," गायत्री घाईने म्हणाली.

"कसाले?" पुष्पाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "मना बाप चप्पलले सुतळी बांधीसन चाले."

सुभद्राबाईंच्या जिभेवर ते उत्तर आलं, इतक्या वर्षांचं, चांगलं मुरलेलं. त्यांनी तोंड उघडलं. "माहेरनी देणगी..." एवढंच म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. आवरेना. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणूस इतकं हलकं होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांना चक्क गरगरायला लागलं. वर्षा हसली, गजेंद्र हसला, हिलालभाऊंना ठसका लागला.

पुष्पाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. काठी टेकत उठल्या आणि देवापुढचं कुंकू घेऊन आल्या. "वर्षा, परात आन. उंबरावर माप भरीसन ठेव. सुभद्रा, तू भाहेर जाय. नवरी व्हईसन परत ये."

"आत्या, या वयात?" सुभद्राबाई सासूला म्हणाल्या.

"जाय म्हन्तस ना!"

शेजारपाजार गोळा झाला. सुभद्राबाईंनी परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवले, पदर सावरला आणि उंबऱ्यावरचं तांदळाचं माप ओलांडायला पाऊल उचललं. नवरीने ते बोटाने हलकेच लवंडायचं असतं. पण त्या पायात काय संचारलं कोण जाणे. माप उडालं ते थेट खोली पार करून देवघराच्या भिंतीवर आदळलं, पंख्यावरून तांदूळ बरसले, शेजारीण किंचाळली. फरशीवर सुभद्राबाईंची लालभडक, भरगच्च पावलं उमटत गेली.

पुष्पाबाईंनी केसांतले तांदूळ झटकले. त्या पावलांकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पुसू नका रे कोनी. आमना घरमा एक तरी धड पाय उना."